खोपेश: फोटोत न दिसणारी जाडी

खोपेश म्हणजे प्राचीन इजिप्तची बाकदार तलवार. तिच्या बहुतेक प्रतिकृती फोटोवरून बनतात, आणि फोटोत जाडी दिसत नाही. बाहेरची रेघ तंतोतंत उतरते, सहा मिलीमीटरच्या स्टीलच्या पट्टीतून लेझरने आकार कापला जातो, कडेला धार काढतात, मुठीला लाकूड ठोकतात. भिंतीवर टांगली तर शोभते. हातात घेतली की कळतं, पुढे जड, मागे हलकी, आणि मनगटाला दोन मिनिटांत रग.

आधी शरीररचना. मूठ, तिच्यापुढे सरळ दांडा, मग बाक आणि शेवटी बोथट किंवा किंचित आत वळलेलं टोक, असे चार भाग. दांड्याला धार नसते. इंग्रजीत हिला विळा-तलवार म्हणतात, पण विळ्याची धार पोटाला असते आणि खोपेशची पाठीला, म्हणजे बाकाच्या बाहेरच्या कडेला. स्वस्तातल्या काही प्रतिकृतींत आतल्या कडेलाही धार घासलेली असते. ती पाहिली की पुढचं काही तपासायची गरज उरत नाही. बाहेरून धार असलेला बाक कुऱ्हाडीसारखा आदळतो आणि पुढे ओढताना कापत जातो. हे हत्यार कुऱ्हाडीच्या घराण्यातलं आहे असं मानतात, ते हातात धरल्यावर लगेच पटतं.

नावाचीही गंमत आहे. इजिप्तच्या लिपीत स्वर लिहीत नसत. हाती लागतात ती ख-प-श ही व्यंजनं, म्हणून कुणी खोपेश म्हणतं, कुणी खेपेश. त्याच शब्दाचा अर्थ बैलाचा पुढचा पाय, आणि त्यावरून बाहू, बळ. कापून ठेवलेल्या बैलाच्या तंगडीचा आकार डोळ्यासमोर आणा, खोपेशची रेघ तीच. आपण ज्याला सप्तर्षी म्हणतो त्या ताऱ्यांतही त्यांना बैलाची तंगडीच दिसायची.

नमुना निवडताना दोन घोटाळे हमखास होतात. पहिला मापाचा. 1922 मध्ये हॉवर्ड कार्टरला सापडलेल्या तुतनखामुनच्या थडग्यात दोन खोपेश होते, एक सुमारे 60 सेंमीचा आणि एक सुमारे 40 सेंमीचा. तुतनखामुन आठ-नऊ वर्षांचा असताना गादीवर बसला. धाकटा खोपेश त्या वयाच्या हाताला साजेसा आहे. त्याचा फोटो मोठा करून 70 सेंमीची तलवार बनवली तर मुठीपासून टोकापर्यंत सगळीच प्रमाणं चुकतात. दुसरा घोटाळा देशाचा. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममधली 54.3 सेंमीची विळा-तलवार ‘इजिप्तची’ म्हणून सर्रास नकलली जाते. तिच्यावर असीरियाचा (आजच्या उत्तर इराकमधलं प्राचीन राज्य) राजा अदाद-निरारी पहिला याचा कीलाक्षरी लेख आहे आणि पात्यावर हरणासारखा प्राणी कोरलाय. तुमच्या ‘फेरोच्या’ तलवारीवर तो प्राणी असेल तर ती असीरियन आहे. लेबनॉनमधल्या बिब्लॉसच्या राजथडग्यांतल्या विळा-तलवारी तर याहून जुन्या, इ.स.पू. अठराव्या शतकाच्या आसपासच्या, आणि त्यांचा बाक वेगळाच. इजिप्तच्या ‘नव्या राज्याच्या’ काळातला (इ.स.पू. सुमारे 1550 ते 1070) आकार हवा असेल तर मेदिनेत हाबू इथल्या मंदिराच्या भिंतीवर तिसरा रामसेस सैन्याला शस्त्रं वाटतानाचं दृश्य आहे, त्यातले खोपेश पाहावेत.

आता जाडी. कामापुरती मापं धरू: एकूण लांबी 58 सेंमी, त्यात 15 मूठ, 14 दांडा, उरलेल्या 29 मध्ये बाक. बाकावरून दोरी फिरवली तर 34 सेंमी भरते, रुंदी 3. ओतीव कांस्यात, म्हणजे तांबं-कथिलाच्या ब्राँझमध्ये, दांडा 16 बाय 9 मिलीमीटरचा ठेवायचा. बाकाची बोथट कड सुरुवातीला 8 मिलीमीटर, टोकाशी 6, आणि तिथून धारेपर्यंत सरळ उतरती. कांस्याची घनता 8.8 धरली तर बाकात साधारण 315 ग्रॅम धातू जातो आणि दांडा-मुठीत मिळून 350. म्हणजे अर्ध्याहून जास्त वजन हाताजवळ राहतं. तीच रेघ 6 मिलीमीटरच्या सपाट स्टीलमधून कापली आणि कडेला एक सेंमीची अरुंद धार घासली, तर बाकात 400 ग्रॅम आणि मागे जेमतेम 280. एकूण वजन जवळपास तेवढंच, काट्यावर फरक कळणारही नाही. पण कांस्यात जो भार दांड्यात होता तो इथे टोकाकडे सरकलाय.

त्यात लांबी वाढवली की आगीत तेल. एकाच जाडीच्या पट्टीत आकार 20 टक्क्यांनी मोठा केला तर वजन 44 टक्क्यांनी वाढतं, आणि तलवार मनगटाभोवती फिरवायला लागणारा जोर दुपटीवर जातो. ‘लढाऊ’ म्हणून येणाऱ्या मोठ्या खोपेशचं दुखणं हेच.

ओतकामाची सुरुवात लाकडी किंवा मेणाच्या नमुन्यापासून. कांस्य थिजताना साधारण दीड टक्का आकसतं, म्हणून 58 सेंमीसाठी नमुना 58.9 सेंमीचा. धारेची कड नमुन्यात 2.5 मिलीमीटर जाड ठेवायची. पातळ ठेवली तर रस तिथे पोचायच्या आत थिजतो आणि कड खाल्ल्यासारखी निघते. आणखी एक बारकी गोष्ट: बाक नमुन्यात थोडा उघडा ठेवायचा. नंतर धार ठोकताना बाहेरची कड लांबते आणि बाक आपोआप घट्ट होतो. नमुना अचूक वक्राचा केलात तर शेवटी तलवार आत वळून बसते, आणि कडक झालेली धार परत उघडायला गेलं की तडकते.

साचा उभा, मूठ वर. ओतायचं तोंड मुठीच्या बुडाला आणि ते रुंद. सगळ्यात शेवटी तिथला धातू थिजायला हवा, म्हणजे खालचा आकसताना वरून रस खेचून घेतो. तोंड अरुंद ठेवलं तर मुठीच्या जाड भागात पोकळी राहते, वरून काही दिसत नाही आणि रिव्हेटचं भोक पाडताना ड्रिल धस्सकन आत जातं. हवेला वाट टोकाशी द्यायचीच, पण दांडा संपून बाक जिथे बाहेर वळतो तिथेही एक हवी. साचा उभा असताना तिथली पातळ कड वर तोंड करून असते आणि हवा नेमकी त्या खोबणीत अडकते. बाकाच्या सुरुवातीला अर्धचंद्रासारखा खड्डा पडलेल्या प्रतिकृती याच चुकीच्या.

लांब साच्याला एकच तोंड पुरेल का, हा प्रश्न जुनाच आहे. इजिप्तमधल्या थीब्जला रेखमिरे या वजिराच्या थडग्यात मंदिराचं दार ओतण्याचं चित्र आहे. पायाने दाबायचे भाते, दोन वाकवलेल्या काठ्यांत धरलेली मूस, आणि साच्यावर ओळीने बसवलेली नरसाळी. दारासाठी ते ठीक. खोपेशला एक तोंड पुरतं, साचा गरम असला तर.

670 ग्रॅमच्या तलवारीला तोंड आणि वाटांसकट दुप्पट धातू धरा: 1.4 किलो, म्हणजे 1,260 ग्रॅम तांबं आणि 140 ग्रॅम कथील. तांबं कोळशाच्या थराखाली आधी पूर्ण वितळवायचं, कथील शेवटी. कथील आधी टाकून मूस तासभर आगीत ठेवली तर ते ऑक्साइड होऊन जातं आणि त्याचे कठीण कण रसात तरंगत राहतात. पुढे कानस फिरवताना ते दाताखाली खडा यावा तसे लागतात. तांबं वितळल्यावर हायड्रोजनही पिऊन घेतं आणि थिजताना बाहेर टाकतं, त्याचीच बारीक छिद्रं. म्हणून वितळवणं झटपट, ओतण्याआधी फॉस्फर कॉपर (15 टक्के फॉस्फरस असलेलं तांबं) 3 ग्रॅम, ढवळून मळी काढायची आणि 1,100 ते 1,150 अंशांत ओतायचं. साचा हाडापर्यंत कोरडा हवा. मातीत ओल राहिली तर वाफ रस उलटा तोंडावर फेकते. चेहऱ्यावर ढाल, चामड्याचं एप्रन आणि पायाखाली कोरडी वाळू, यात तडजोड नाही. जुनं सूत्र म्हणून आर्सेनिक घालायचा मोह कुणाला झाला तर त्याला तिथून उठवावं. तो धूर जीव घेतो.

बाजारात ‘ब्राँझ’ या नावाखाली जे मिळतं ते तपासून घ्या. 85-5-5-5 ही ओतकामाची लाडकी मिश्रधातू, तिच्यात पाच टक्के जस्त आणि पाच टक्के शिसं असतं. ओतायला लोण्यासारखी, पण शिसं तांब्यात मुरत नाही, वेगळे थेंब होऊन बसतं. ठोकायला घेतली की धार फाटते. सिलिकॉन ब्राँझ छान ओततं, मजबूतही असतं, फक्त ते इजिप्तचं नव्हे. पितळ तर दुरूनच पिवळं ओळखू येतं.

धारेचं काम मला ओतण्याइतकंच महत्त्वाचं वाटतं, आणि बहुतेक जण हेच गाळतात. ओतीव कांस्याची धार नुसती घासून काढली तर लाकडावर दोन घाव घालताच दुमडते. कांस्याला स्टीलसारखं पाणी देऊन कडकपणा येत नाही. तापवून पाण्यात बुडवलं तर ते नरमच राहतं. कडक होतं ते थंड असताना ठोकून. आधी अख्खं पातं 650 अंशांवर तासभर ठेवायचं, अंधारात मंद लाल दिसेल इतपत. ओतताना कथिलाने भरलेले ठिसूळ कण तयार झालेले असतात, ते यात विरघळतात. मग गार करून गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने धारेची कड दोन्ही बाजूंनी आलटून पालटून ठोकायची. एकाच बाजूने ठोकलं तर पातं सुपासारखं वाकतं. आधी हातोडी रुतते, आवाज बद्द येतो. मग आवाज चढत जातो आणि हातोडी उसळायला लागते. तिथे थांबायचं, पुन्हा 650 अंश, पुन्हा ठोकणं. अशा दोन-तीन फेऱ्यांत 2.5 ची कड 1.2 मिलीमीटरवर येते. शेवटच्या ठोकण्यानंतर मात्र आग दाखवायची नाही, नाहीतर कमावलेलं सगळं गेलं.

कडेला केसासारखी चीर दिसली तर ती तिथेच कानशीने घासून टाकायची, गोलसर खोलगट करून. ‘पुढच्या फेरीत दबेल’ म्हणून ठोकत राहिलं तर ती पार बोथट कडेपर्यंत जाते. कथील 14 टक्क्यांच्या पुढे गेलं तर अशा चिरा कितीही जपलं तरी पडतात.

स्टीलची प्रतिकृती करायचीच असेल तर पट्टी 10 मिलीमीटरची घ्या आणि बाक घासून पातळ करा. वेळखाऊ आहे, धूळही फार, पण त्याला पर्याय नाही. दांडा आणि बाक जिथे मिळतात तिथे आतल्या कोपऱ्याला किमान 5 मिलीमीटरची गोलाई द्यायची. टोकदार कोपरा असेल तर तापलेलं पातं कडक करायला तेलात बुडवताना तिथूनच तडकतं. धार घासूनच तेलात घातली तर पातळ कड आधी थंड होऊन वेडीवाकडी होते, म्हणून पाणी देईपर्यंत कड दोन मिलीमीटर राखायची.

मुठीला दोन्ही बाजूंनी उभ्या कडा असतात आणि मधल्या खोबणीत लाकडाच्या किंवा हस्तिदंताच्या पट्ट्या बसतात. हस्तिदंत अर्थातच नको, घट्ट दाण्याचं काळपट लाकूड पुरे. पट्ट्या खोबणीत ठोकून घट्ट बसवायच्या नाहीत, कडेला अर्ध्या मिलीमीटरची फट ठेवून ती भरणीने भरायची. दमट हवेत लाकूड फुगतं, धातूची कड हलत नाही, आणि मग पट्टी मधोमध उभी चिरते. मुठीला पुढे आडवी पट्टी नसते. ती वेल्डिंगने जोडलेली दिसली तर ती बनवणाऱ्याच्या मनातली आहे.

रंगाबद्दल एकच. हिरवा गंज चढवण्यासाठी आम्ल चोळू नका. हिरवेपणा ही तीन हजार वर्षं जमिनीत पडून आलेली खोड आहे. दहा टक्के कथिलाचं नवं कांस्य घासून काढलं की गुलाबी झाक असलेलं सोनेरी दिसतं, आणि भट्टीतून निघालेला खोपेशही तसाच दिसत असणार.