सारंगखेड्याच्या यात्रेत पंचम शोधताना

पुण्याहून खानदेशाकडे निघताना पिशवीत स्वेटर, मफलर आणि पांढऱ्या सुती हातमोज्यांचा एक जोड घेतला होता. स्वेटर कामी आला, कारण मार्गशीर्षात तापीकाठची थंडी हाडांत शिरते. हातमोज्यांनी मात्र भर यात्रेत माझी शोभा केली. ती कशी, हे सांगण्यापूर्वी ते माझ्याकडे आले कुठून, हे सांगावे लागेल.

काही वर्षांपूर्वी डिसेंबरात मुलीकडे अमेरिकेत असताना नॉर्थ कॅरोलिनातील रॅले येथे ‘रॅले रिंगर्स’ या हातघंटावृंदाचा कार्यक्रम ऐकला. डेव्हिड हॅरिस यांनी हा वृंद 1990 मध्ये उभा केला आणि त्याचे संगीत दिग्दर्शनही तेच करत होते. जाड गादी अंथरलेली लांबलचक मेजे, त्यांवर वाटीएवढ्या घंटेपासून घागरीएवढ्या घंटेपर्यंत ओळीने मांडलेले चकचकीत कांसे, आणि हाताच्या घामाने त्यावर डाग पडू नयेत म्हणून हातमोजे घातलेले वादक, असा तो थाट होता. पाच सप्तकांच्या संचात 61 घंटा असतात आणि एकेका वादकाच्या वाट्याला त्यांतल्या चार-पाच येतात. म्हणजे संपूर्ण चाल कोणाच्याच हाती नसते. सतारियाला अख्खे गाणे स्वतःचे म्हणता येते. इथे माणसाच्या मालकीचा एक गंधार आणि एक मध्यम, आणि तो त्या दिवशी आजारी पडला तर प्रत्येक ओळीतून तेवढेच स्वर दात पडल्यासारखे गळतात. म्हणून दिग्दर्शकाचे निम्मे काम तालमीपूर्वीच, कागदावर होते. कोणती घंटा कोणाकडे, कोणत्या मात्रेला कोणी कोणती खाली ठेवून दुसरी उचलायची आणि एकाच क्षणी कोणाच्या हाती तीन स्वर येणार नाहीत ना, हे सारे त्याला पंगतीतल्या वाढप्यांची कामे लावून द्यावीत तसे आधी लावून द्यावे लागते.

मला मात्र वाजवण्यापेक्षा थांबवण्याचे नवल अधिक वाटले. या घंटेचा लोलक शाळेच्या घंटेसारखा चहूकडे झुलत नाही. तो एकाच रेषेत पुढे-मागे जातो आणि कमानीमुळे (स्प्रिंगमुळे) टोला देऊन लगेच मागे सरतो. त्यानंतर घंटा आपखुशीने वाजत राहते, आणि स्वराची मात्रा संपली की वादक तिची कड खांद्याला टेकवून तिला गप्प करतो. हे न जमणाऱ्या वृंदाची चाल मागच्या स्वरांच्या गर्दीत बुडून जाते. कार्यक्रमानंतर उत्साहाच्या भरात मी तसलेच हातमोजे विकत घेतले, आणि ते कपाटात पडून राहिले.

खानदेशात पहिला मुक्काम जळगावला केला आणि तिथून एरंडोलजवळच्या पद्मालयाला गेलो. कमळांच्या तळ्याकाठचे हे गणपतीचे देऊळ. गाभाऱ्यात डाव्या आणि उजव्या सोंडेच्या दोन मूर्ती शेजारी शेजारी आहेत, परंतु माझे लक्ष, गजाननाने क्षमा करावी, तेथील थोरल्या घंटेकडे होते. टोला पडला की आधी कडक आवाज कानावर येतो, तो विरतो आणि खालून एक घुमारा उठून बराच वेळ दगडांत फिरत राहतो. युरोपातील मनोऱ्यांत टांगलेल्या घंटांच्या नादात मूळ स्वराबरोबर कोमल गंधार मिसळलेला असतो, त्यामुळे त्यांचा आवाज जरा उदास वाटतो. हातघंटा ओतल्यावर ती आतून कातून अशी जुळवतात की षड्जाच्या तिप्पट कंपनसंख्येचा स्वर, म्हणजे आपला तार पंचम, तिच्यात स्पष्ट उभा राहावा. तंबोऱ्याच्या तारेतही तो असतोच, म्हणून आपल्या कानाला हातघंटा परकी वाटत नसावी. पद्मालयाच्या घंटेत मी दोन्ही स्वर शोधले, पण मागे भाविकांची रांग वाढत होती आणि पुजारी माझ्याकडे रोखून पाहत होते.

दुसऱ्या दिवशी सुरतकडे जाणाऱ्या गाडीने दोंडाईच्याला उतरलो आणि जीपने सारंगखेड्याला पोहोचलो. तापीकाठच्या या गावी एकमुखी दत्ताच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. काठेवाडी, मारवाडी, पांढरे शुभ्र नुकरा, सगळे असतात. त्यांचे नाच आणि किमती यांविषयी इतरांनी भरपूर लिहिले आहे. मी शेवभाजी-भाकरी खाऊन थेट साजाच्या दुकानांकडे वळलो, जिथे गोंडे, झुली आणि घुंगरमाळांबरोबर बैलांच्या गळ्यातल्या घंटा दोरीला टांगलेल्या होत्या.

फोनवर तंबोरा लावला, हातमोजे चढवले आणि एकेक घंटा वाजवून पाहू लागलो. उद्देश साधा होता: एक षड्ज आणि त्याच्याशी जुळणारा एक पंचम मिळावा. दुकानदाराने काही वेळ पाहिले आणि अत्यंत गंभीरपणे विचारले, “ढोरेसना डाक्टर शेतस का?” नाही म्हटल्यावर त्याचा पुढचा प्रश्न आला, “मंग कितला बैल शेतस?” एकही नाही, हे ऐकून शेजारच्या दुकानातलेही दोघे बघायला आले.

विसाव्या घंटेपर्यंत माझ्या लक्षात आले की एका मापाच्या दोन घंटाही एका स्वरात बोलत नाहीत. पितळ कुठे जाड तर कुठे पातळ ओतलेले, त्यामुळे काहींत तर दोन स्वर एकमेकांशी भांडत होते. इंग्लंडमधील ऑल्डबर्न गावच्या रॉबर्ट आणि विल्यम कोर या भावांनी सुमारे तीनशे वर्षांपूर्वी स्वरात जुळवलेल्या हातघंटा घडवल्या, त्या मनोऱ्यातल्या घंटावादकांना गारठ्यात न कुडकुडता आणि गावाची झोप न मोडता सराव करता यावा म्हणून. तांबे चार भाग आणि कथील एक भाग, हे त्यांच्या कांशाचे साधारण प्रमाण. माझ्यासमोरच्या घंटांना असल्या सरावाशी काही देणेघेणे नव्हते.

तेवढ्यात धोतर-टोपीतले एक वयस्क शेतकरी आले. दुकानदाराने त्यांच्यापुढे एकसारख्या दोन घंटा ठेवल्या. बाबांनी दोन्ही वाजवल्या, एक परत केली आणि तिच्याहून बारीक आवाजाची दुसरी निवडली. “जोडी नाही का घ्यायची, बाबा?” असे मी विचारले. त्यांनी घंटा माझ्या कानाशी धरून सांगितले, “दोन्ही सारख्या काय कामन्या? डावा कोनता नि उजवा कोनता, समजाले पाहिजे. मना बैल मी अंधारामा बी वयखस.” रॅलेचा तो वृंद मला पुन्हा आठवला तो या वाक्याने, माणसाने आपला स्वर ओळखावा तसे हे बाबा रात्री शेतातून परतताना दोन स्वरांवर बैलांची हजेरी घेत असणार.

शेवटी मी एक षड्ज आणि किंचित उतरलेला पंचम घेतला. दुकानदाराने बैल नसलेल्या गिऱ्हाइकाला दहा रुपये सोडले, तेही न मागता. परतीच्या गाडीत मात्र दर धक्क्याला पिशवी वाजू लागली, तेव्हा दोन्ही हातमोजे घंटांच्या पोटात कोंबले आणि त्यांना प्रथमच योग्य काम मिळाले. अमळनेर सुटल्यावर समोरच्या बाकावरची एक चिमुरडी पिशवीकडे बोट दाखवून हट्ट करू लागली. तिच्या आजीच्या संमतीने एक मोजा काढून घंटा तिच्या हाती दिली, आणि थांबवायची कशी तेही खांद्याला टेकवून दाखवले. पहिला भाग तिला फार लवकर जमला. धरणगाव येईपर्यंत आमच्या डब्यात कोणाचाही डोळा लागला नाही.