घरूनच काम करतेस ना, मग पाळणाघर कशाला?

सोसायटीतल्या काकू विचारतात, चुलत सासूबाई विचारतात, परवा जुन्या मैत्रिणीनेही विचारलं. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच नीट सांगते.

पैसे जातात, हो. आमचे जातात. आणि घरून काम म्हणजे घरी रिकामं बसणं नाही, हे किती वेळा सांगायचं?

पण खरं कारण ते नाहीच. मागच्या पावसाळ्यात लेक तापातून उठली होती, नवरा हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेला, लाईट गेलेली, मी मोबाईलच्या हॉटस्पॉटवर क्लायंटशी बोलत होते आणि तिने मागून येऊन गळ्यात हात टाकले. मला काहीच वाटलं नाही. राग नाही, माया नाही, काहीच नाही. कॉल संपवला, तिला वरणभात भरवला, औषध पाजलं, झोपवलं, सगळं वेळेवर केलं, फक्त ती माझी आहे असं आतून कुठे जाणवत नव्हतं. रात्री नवऱ्याला म्हटलं, मला आता हिची आई नाही व्हायचं. तो घाबरला. मी नव्हते घाबरले, आणि त्याचीच मला दुसऱ्या दिवशी भीती वाटली.

मग काउन्सेलरकडे गेलो. तिच्याकडून कळलं की बेल्जियममधल्या इझाबेल रोस्काम आणि मोइरा मिकोलायझाक या मानसशास्त्रज्ञांनी पालकांच्या बर्नआउटवर बरंच काम केलंय. हाडांपर्यंत गेलेला थकवा, पालकपणाच नकोसा होणं, आपण आधी अशा नव्हतो हे सलत राहणं आणि मुलापासून मनाने तुटणं, ही त्यांनी सांगितलेली लक्षणं. मला चारही होती. त्यांनी ४२ देशांत केलेला अभ्यास २०२१ मध्ये आला, त्यात जिथे माणसं जास्त व्यक्तिकेंद्री जगतात तिथे हे जास्त दिसलं.

लग्नाआधी मीच म्हणायचे, आईने तिघांना वाढवलं, तिला कुठे होतं पाळणाघर? अगं, आई सदाशिव पेठेतल्या वाड्यात होती! खाली आजी, शेजारी मावशी, एक पोर रडलं की चार हात पुढे. मी वाकडला अकराव्या मजल्यावर, सासूबाई साताऱ्याला. २०१७ पासून पन्नास किंवा जास्त माणसांच्या ऑफिसला पाळणाघर कायद्याने लागतं, आमच्याकडेही आहे, पण ते हिंजवडीत, मी घरी. ते चार हात मी विकत घेतलेत, बस.

आणि हो, कधीकधी काम नसतानाही तिला तिथे ठेवते आणि नुसती झोपते. हे ऐकून तुमचा चेहरा बदलतो ते दिसतं मला. पण झोपून उठलेल्या मला ती संध्याकाळी आवडते, खरंच आवडते. काही सकाळी ती दारात रडते, तेव्हा मला पटकन निघता येत नाही, आणि आपण बरोबर करतोय का हे तेव्हा मलाही माहीत नसतं.

जूनमध्ये ती मोठ्या शाळेत जाईल. नवरा म्हणतो पाळणाघर आता अर्धा वेळ पुरेल. मला नाही तसं वाटत, आणि आमचं अजून ठरलेलं नाही.