माझा अनुभव: बागायतदार मुलाने स्थळ कसं पाहावं

बायोडाटातला ‘मासिक उत्पन्न’ हा रकाना आंबा बागायतदाराच्या मुळावर येतो. आमच्याकडे पैसा महिन्याला येत नाही. पावसाळ्यात कल्टार (मोहोर लवकर यावा म्हणून झाडाला द्यायचं औषध) घालायचं, थंडीत मोहोरावर फवारण्या करायच्या, मार्च ते मे तोड, आणि वाशीच्या बाजारातून दलालाची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब आणि पैसे, येईपर्यंत खता-औषधांची उधारी डोक्यावर. त्यात हापूस वर्षाआड धरतो आणि ऐन मोहोरात अवकाळी पाऊस पडला की सगळा हिशेब बदलतो. अशा धंद्याला महिन्याचा आकडा लिहिला तर तो खोटा ठरतो. रकाना कोरा सोडला तर समोरचे ‘मुलगा काही करत नाही’ असं धरून चालतात.

मी छत्तिसाव्या वर्षी, देवगड तालुक्यातच राहायचं हे पक्कं करून, स्थळं पाहायला लागलो तेव्हा पहिलं काम केलं ते या रकान्याचं. तो काढून तिथे तीन हंगामांचा छोटा तक्ता टाकला. त्यात पेट्या किती गेल्या, पट्टीप्रमाणे रक्कम किती आली, खर्च किती झाला आणि हातात किती उरले, एवढंच. खर्चात औषधं, खत, गड्यांची मजुरी, बॉक्स, गाडीभाडं आणि कर्जाचं व्याज हे सगळं धरावं. व्याज विसरलं की उरलेली रक्कम उगाच फुगते. तीनपैकी वाईट हंगाम गाळायचा मोह होतो. तो गाळू नये. लग्नानंतर घर निभवावं लागतं ते त्याच वर्षाच्या पैशांवर.

जमिनीचंही तसंच. कोकणातल्या सातबाऱ्यावर आजोबांपासूनची नावं असतात: काका, चुलत भाऊ, आत्या, बहिणी. ‘तीनशे कलमं आहेत’ असं सांगितलं आणि त्यातला आपला हिस्सा चौथाईच असला, तर बोलणी याद्यांपर्यंत येऊन मोडतात. दहा बाय दहा मीटरवर लागवड असेल तर एकरी चाळीस कलमं बसतात, त्यामुळे मुलीकडचा जाणकार माणूस क्षेत्र ऐकून कलमांचा आकडा तिथल्या तिथे पडताळतो. म्हणून डिजिटल सहीचा सातबारा आणि ८-अ (खातेदाराच्या एकूण जमिनीचा उतारा) ऑनलाइन काढून ठेवावा. सातबाऱ्याला पंधरा रुपये पडतात. बायोडाटात ‘सामाईक, आमचा हिस्सा अमुक’ असं सरळ लिहावं. स्थळाला आवडेल म्हणून बहिणींकडून घाईघाईने हक्कसोड लिहून घेण्याचा सल्ला मला दोघा-तिघांनी दिला. तो वाईट सल्ला आहे. वडिलोपार्जित जमिनीत मुलींना मुलांइतकाच हक्क आहे, २००५ च्या दुरुस्तीने तो पक्का झालेला आहे, आणि येणाऱ्या मुलीला आपण बहिणींशी कसे वागतो हे त्या एका कागदावरूनच कळतं.

ॲपवर शोधताना एक अडचण आली, ती किनाऱ्यावरच्या प्रत्येकाला येते. अंतराची मर्यादा ५० किलोमीटर ठेवली की त्या वर्तुळाचा अर्धा भाग समुद्रात पडतो. उरलेल्या अर्ध्यात जी मोजकी प्रोफाइल्स दिसतात, त्यातल्या निम्म्या घरांशी आधीच नातं निघतं. त्यामुळे अंतर काढून टाकून जिल्ह्यांची नावं निवडावीत: सिंधुदुर्ग, रत्नागिरी, कोल्हापूर, आणि मुंबई-ठाणे. उत्पन्नात तीन हंगामांच्या निव्वळ रकमेची सरासरी भरावी, कारण मुलींकडचे उत्पन्नाची चाळणी लावतात आणि रिकामं प्रोफाइल त्यात दिसतच नाही. फोटो बागेतला, रोजच्या कपड्यांतला द्यावा. आणि व्हिडिओ कॉल टाळून कुणी पैशाची अडचण सांगू लागलं, तर तिथेच थांबावं.

वेळ पाळणं फार महत्त्वाचं. मुंबईतले चाकरमानी गावी येतात ते गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात. यातला मे आमच्या कामाचा नाही. तोड चालू असताना कांदेपोह्यांना बसलेला मुलगा मनाने बागेत असतो आणि ते दिसतं. शिमग्यालाही तोड तोंडावर आलेली असते. राहतात गणपतीचे दिवस. त्या दिवसांत फक्त ओळख करून घ्यावी, आरतीच्या गर्दीत ‘बघण्याचा कार्यक्रम’ घालू नये. लगेच पितृपक्ष लागतो, तेव्हा कुणी बोलणी करत नाही. ते पंधरा दिवस फोनवर बोलायला उत्तम. नवरात्र ते दिवाळीत भेटी उरकाव्यात, कारण तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात आणि मागोमाग मोहोराच्या फवारण्याही.

पत्रिकेचं धोरण घरात आधी ठरवावं. फोटो पसंत पडले, दोन तास बोलणं झालं, आणि मग ‘एक नाड’ म्हणून नकार, यात मुलीची उगाच मानहानी होते. छत्तीस गुणांपैकी एकट्या नाडीला आठ आहेत, म्हणजे एक नाड निघाली की बाकी सगळं जुळूनही अठ्ठावीसच्या वर जाता येत नाही. एक नाड म्हणजे एक रक्तगट अशी समजूत आमच्याकडे घट्ट आहे. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. रक्ताचीच काळजी असेल तर दोघांनी थॅलेसेमियाची तपासणी करावी. दोघंही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. आम्ही घरात ठरवलं की पत्रिका मागितली तर द्यायची, आपण मागायची नाही. आईला हे पटायला एक पावसाळा गेला.

आता मुख्य गोष्ट. बहुतेक स्थळं एका वाक्यावर थांबतात: ‘गाव नको.’ आपल्याकडे लगेच ‘मुलींना मुंबईच हवी’ म्हणून चिडायची पद्धत आहे. मी चिडणं सोडलं आणि प्रत्येक वेळी विचारायला लागलो की गावातलं नेमकं काय नको. उत्तरं वेगवेगळी आली. एकीला तिची नोकरी सोडायची नव्हती. एकीच्या आईला कणकवलीच्या रुग्णालयापर्यंतचा सव्वा-दीड तास बाळंतपणाच्या दृष्टीने धोक्याचा वाटत होता. कुणाला न्हाणीघर घराबाहेर असण्याची धास्ती, तर कुणाला पावसाळ्यात दोन-दोन दिवस जाणाऱ्या विजेची. यातली काही कारणं मिटवता येतात, काही येत नाहीत. खोलीला लागून संडास-न्हाणी, इन्व्हर्टर, फायबरचं इंटरनेट, तिच्या नावावर स्कूटर हे मिटण्यासारखं आहे. आणि जे करायचं ते लग्नाआधी बांधून दाखवावं, ‘करू पुढे’ म्हणू नये. नोकरीचं बहुतेकदा मिटत नाही. तिथे नमस्कार करून थांबणं बरं. रुग्णालयाचं अंतर आपल्याने कमी होत नाही, पण सातव्या महिन्यापासून कणकवलीत नातेवाइकांकडे राहायची सोय आहे का, हे मात्र आधी विचारून ठेवता येतं.

भेटीही त्याच हिशेबाने घेतल्या. पहिला अर्ध्या तासाचा फोन, दुसरी भेट कणकवलीला हॉटेलात दोघांचीच, तिसरी आमच्या घरी. तिसऱ्या भेटीला मुलीकडच्यांना सकाळी बोलवावं, म्हणजे घर उजेडात दिसतं. पडवीत बसवून पोहे देऊन परत पाठवू नये. चूल कुठे आहे, मे महिन्यात विहिरीला पाणी किती राहतं, झोपायची खोली कोणती, फोनला रेंज खळ्यात (अंगणात) येते की आत, हे सगळं दाखवावं आणि मुलीला आईशी एकटीने बोलू द्यावं. आमच्याकडे आलेल्या एकीने विचारलं, ‘एप्रिलमध्ये जेवायला माणसं किती असतात?’ आई म्हणाली, घरची चार आणि बागेतले नेपाळी गडी धरून चौदा. ‘मग भाकऱ्या कोण भाजतं?’ पडवी गप्प झाली. इतकी वर्षं आई एकटी भाजत होती आणि आम्हा कुणाला ते मोजावंसं वाटलं नव्हतं. हंगामात गड्यांचा स्वयंपाक पगारी बाईकडून, हे त्या दिवशी ठरलं. तक्त्यात खर्चाचा तो रकाना त्यानंतर वाढला. माझं लग्न तिच्याशीच झालं.

पैशांचंही तिथेच बोलून घ्यावं. पट्टी कुणाच्या खात्यात येते, घरखर्चाची रक्कम कुणाच्या हातात असते, ती कमावती असेल तर तिचा पगार तिच्याच खात्यात राहणार का. पूर्वी लग्न होऊन घटस्फोट झालेला असेल तर न्यायालयाच्या हुकूमनाम्याची प्रत पाहावी आणि अपिलाची मुदत संपली का, हे वकिलाकडून समजून घ्यावं. यात संकोच वाटायचं कारण नाही.

शेवटचा टप्पा कागदांचा. विधी करून लग्न लागलं की ग्रामपंचायतीत ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) नव्वद दिवसांच्या आत नोंदणी करावी. वर, वधू, तीन साक्षीदार आणि लग्न लावणारे भटजी, सगळ्यांच्या सह्या लागतात. भटजींची सही मांडवातच घ्यावी. हंगामात ते एका जागी सापडत नाहीत. धर्म वेगळा असेल, किंवा विधी नको असतील, तर १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. त्यात दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात किमान तीस दिवस राहिलेलं असावं लागतं, नोटिशीनंतर तीस दिवस थांबावं लागतं, आणि नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न न लागल्यास नोटीस पुन्हा द्यावी लागते. दिवाळीनंतर लग्न करायचं असेल तर नोटीस नवरात्रातच द्यावी. मुंबईचे साक्षीदार असतील तर त्यांची गाडीची तिकिटं त्याच दिवशी काढून ठेवावीत.