पंप बदलण्याआधी पाच व्होल्ट मोजा : माझा अनुभव

रेल प्रेशर (इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीतला दाब) कमी असल्याचा कोड स्कॅनरवर, म्हणजे गाडीच्या संगणकातले दोष वाचणाऱ्या यंत्रावर, उमटला की हाय प्रेशर पंपाचे आयुष्य संपले, असा निकाल देऊन मोकळे होण्याची पद्धत वर्कशॉपमध्ये इतकी रुळली आहे, की त्याच्या शेजारी उमटलेल्या दुसऱ्या कोडकडे पाहण्याची गरजही कोणाला वाटत नाही. माझ्या कॉमन रेल डिझेल गाडीबाबत नेमके हेच घडले. चालत्या गाडीची रेस अधूनमधून तुटायची, इंजिनचा दिवा लागायचा, गाडी लिंप मोडमध्ये (ताकद मुद्दाम मर्यादित ठेवणाऱ्या अवस्थेत) जायची आणि इग्निशन बंद करून पुन्हा चालू केले की काही घडलेच नाही अशा थाटात धावू लागायची. स्कॅनरने दोन कोड दाखवले : पी ००८७, म्हणजे रेलमधील दाब अपेक्षेपेक्षा कमी, आणि पी २१३८, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर पेडलमधील दोन सेन्सरच्या व्होल्टेजचा एकमेकांशी मेळ बसत नाही. पहिल्यासाठी पंप आणि दुसऱ्यासाठी पेडल बदलावे लागेल, असे मला सांगण्यात आले. एकमेकांशी संबंध नसलेले दोन भाग एकाच वेळी बिघडावेत आणि इग्निशन बंद करताच एकाच वेळी बरेही व्हावेत, हे मला पटेना. गाडी मी परत आणली.

पंपाला निर्दोष ठरवणे फारसे अवघड गेले नाही. फिल्टर नवा घातला, फिल्टरपुढे पारदर्शक नळी जोडून डिझेलमध्ये हवेचे बुडबुडे येत नाहीत हे पाहिले आणि हाय प्रेशर पंपाकडे डिझेल ढकलणाऱ्या, टाकीतल्या फीड पंपाचा वीजपुरवठा तपासला. हा पुरवठा तपासताना कनेक्टर सोडवून मोजलेल्या बारा व्होल्टवर विश्वास ठेवू नये. गंजून एकच धागा उरलेल्या वायरमधूनही मीटरला पूर्ण व्होल्टेज दिसते आणि पंपाने करंट ओढला की ते कोसळते. म्हणून पंप चालू ठेवून मीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरे पंपाच्या अर्थच्या पिनला लावावे. तेथे ०.१ ते ०.२ व्होल्टपेक्षा अधिक फरक दिसला, तर अर्थिंग घासून स्वच्छ केल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

खरी कोंडी यानंतर झाली, कारण उभ्या गाडीत सारे काही ठीक दिसत होते. शेवटी धावत्या गाडीतील लाइव्ह डेटा स्कॅनरमध्ये साठवून घेतला (शेजारी दुसरी व्यक्ती बसलेली असावी, चालवताना स्कॅनरकडे पाहू नये) आणि मागितलेला रेल दाब, प्रत्यक्ष रेल दाब व पेडलचे दोन्ही व्होल्टेज यांचे आलेख एकाखाली एक लावले. रेस तुटण्याच्या क्षणी रेल दाबाची रेषा सरळ खाली पडत होती आणि त्याच क्षणी पेडलच्या पहिल्या सेन्सरची रेषाही पडत होती. दुसऱ्या सेन्सरची रेषा मात्र जागची हलत नव्हती. पंप कितीही झिजला तरी तो पेडलचा व्होल्टेज खाली ओढू शकत नाही. तेव्हा या दोघांमध्ये सामाईक काय आहे, एवढाच प्रश्न उरला.

सामाईक होता तो ईसीयूकडून, म्हणजे इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकाकडून, सेन्सरना मिळणारा पाच व्होल्टचा पुरवठा. बहुतेक ईसीयूंमध्ये असे एकाहून अधिक स्वतंत्र पुरवठे असतात, एकेका पुरवठ्यावर अनेक सेन्सर असतात, आणि पेडलचे दोन सेन्सर सुरक्षिततेसाठी मुद्दाम वेगवेगळ्या पुरवठ्यांवर ठेवलेले असतात. माझ्या गाडीच्या वायरिंग डायग्रॅमनुसार पेडलचा पहिला सेन्सर, रेल प्रेशर सेन्सर आणि टर्बोचा बूस्ट सेन्सर (टर्बोने दिलेल्या हवेचा दाब मोजणारा) एकाच पुरवठ्यावर होते. ही डायग्रॅम मिळवण्यातच माझा सर्वाधिक वेळ आणि संयम खर्च झाला. ती हाती नसताना वायरिंगला हात घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

साधा मीटर क्षणिक घट दाखवत नाही, म्हणून किमान मूल्य धरून ठेवणारा मीटर त्या पाच व्होल्टवर लावला, इंजिन चालू ठेवले आणि पंख्याच्या व पट्ट्याच्या जवळ न जाता लाकडी दांड्याने वायरिंगचा एकेक फाटा हलवत गेलो. बूस्ट सेन्सरच्या फाट्याला धक्का लागताच व्होल्टेज चारच्या आसपास आला. त्या सेन्सरचा कनेक्टर काढला तरी घट कायम राहिली, म्हणजे सेन्सर ठीक आणि दोष वायरीत. एका ब्रॅकेटच्या मागे इन्सुलेशन घासले गेले होते आणि चढावर इंजिन माउंटिंगवर किंचित कलले की उघडी तार गंजलेल्या ब्रॅकेटला ओझरती टेकत होती. पूर्ण शॉर्ट झाले असते तर पी ०६४१ सारखा पुरवठ्याचाच कोड आला असता आणि शोध कितीतरी सोपा झाला असता. तार जोडून, तिच्यावर इन्सुलेशनची नळी चढवून, फाटा ब्रॅकेटपासून दूर बांधला. पंप आणि पेडल जुनेच आहेत, आणि हे सांगताना मला आनंद होतो.

थ्रॉटल (इंजिनात जाणाऱ्या हवेची झडप) साफ करण्याचा सल्लाही मला मिळाला होता. डिझेल इंजिनची ताकद मुख्यतः इंजेक्ट होणाऱ्या इंधनाच्या प्रमाणावर ठरते. हवेच्या मार्गातली झडप असलीच तर ती प्रामुख्याने ईजीआरसाठी (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडण्यासाठी) आणि इंजिन धक्का न देता बंद व्हावे यासाठी असते, त्यामुळे या तक्रारीत तिच्यापासून सुरुवात करण्याचे कारण नव्हते. आणखी एक तपासणी अगदी आरंभीच करावी : इंजिन बराच वेळ बंद ठेवून फक्त इग्निशन चालू केल्यावर रेल प्रेशर सेन्सरचा सिग्नल साधारण ०.५ व्होल्ट असला पाहिजे. दाब पाहण्यासाठी चालू इंजिनवर हाय प्रेशर पाइपचा नट सैल करण्याची जुनी सवय मात्र कॉमन रेलवर कधीही वापरू नये. शेकडो बार दाबाने सुटलेली डिझेलची धार कातडीत घुसते.

आणि वर्कशॉपमध्ये गाडी देण्याआधी कोडसोबत साठवलेला फ्रीझ फ्रेम डेटा (दोष आला त्या क्षणीच्या स्थितीची नोंद) स्वतः उतरवून घ्यावा. माझ्या गाडीचे कोड मला न विचारता पुसले गेले आणि त्यासोबत दोष उद्भवला त्या क्षणीचा वेग, लोड आणि तापमान यांची नोंदही गेली. ती हाती असती तर दोष चढावरच येतो हे मला पहिल्याच दिवशी कळले असते.