उंदराच्या मेंदूतला तो भाग माझ्याही मेंदूत असतो का?

मी मेंदूचे काप करून, रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याचं काम करतो, हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. पेपरात बातमी आलेली असते, 'भीती विसरायला लावणारा मेंदूतला भाग सापडला'. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की प्रयोग उंदरांवर झाला. मग विचारतात, "तोच भाग आमच्याही डोक्यात असतो ना?" विचारणाऱ्याच्या घरात बरेचदा कुणीतरी आजारी असतं, म्हणून दोन वाक्यांत उत्तर देऊन सुटणं मला जमत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून इथे सविस्तर लिहितो.

आधी त्या भागांना नावं मिळतात कशी ते बघू. रॅट (मोठा) आणि माऊस (छोटा), दोघांनाही आपण उंदीरच म्हणतो. रॅटच्या मेंदूत सुई नेमकी कुठे उतरवायची हे ठरवताना आम्ही कवटीवरची एक खूण धरतो. कपाळाच्या हाडामागची आडवी शिवण आणि डोक्याच्या मधोमध जाणारी उभी शिवण जिथे मिळतात, तो बिंदू म्हणजे ब्रेग्मा. तिथून साधारण 3.5 मिलिमीटर मागे, थोडं बाजूला आणि मग खाली गेलं की हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणींशी संबंधित भाग, लागतो. ही मोजमापं ज्या नकाशातून येतात तो पॅक्सिनोस आणि वॉटसन यांचा अॅटलस 1982 साली निघाला. आजही त्याच्या नव्या आवृत्त्या प्रयोगशाळेत टेबलावर उघड्या पडलेल्या असतात, कडांना रंगाचे डाग लागलेले. काचपट्टीवरचा आपला काप आणि पुस्तकातलं चित्र आलटूनपालटून बघायचं आणि 'हा पान अमुकचा काप' असं ठरवायचं. हिप्पोकॅम्पसचा वळसा नजरेत लगेच भरतो. कॉर्टेक्समध्ये, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या सालीत, मात्र एक भाग संपून दुसरा कुठे सुरू होतो, ते तासभर डोळे लावूनही कळत नाही. पुस्तकात तिथे ठसठशीत रेघ असते. कापात ती नसते. पेशी किंचित दाट होतात, एखादा थर जाड होतो, एवढंच. रेघ माणसाने निर्णय घेऊन काढलेली असते.

सगळ्यात गाजलेल्या रेघा काढल्या कॉर्बिनियन ब्रॉडमन यांनी. बर्लिनमध्ये काम करताना त्यांनी पेशींना रंग देऊन कॉर्टेक्सच्या थरांची ठेवण तपासली आणि 1909 साली पुस्तक काढलं. आकडे 1 पासून 52 पर्यंत. आज एमआरआयच्या अहवालात किंवा शोधनिबंधात 'एरिया 17' किंवा 'एरिया 4' असं वाचता, ते आकडे त्यांचेच. पण ते पुस्तक फक्त माणसाबद्दल नव्हतं. माकडं, लेमूर, वटवाघूळ, ससा, हेजहॉग अशा कितीतरी प्राण्यांचे मेंदू त्यांनी शेजारी शेजारी ठेवून पाहिले. म्हणून तर माणसाच्या नकाशात 13 ते 16 हे आकडे सापडत नाहीत, ते इतर प्राण्यांतल्या भागांसाठी खर्च झाले आहेत. आणि दोन प्राण्यांत एकच आकडा दिसला म्हणून ते भाग नक्की एकाच मुळाचे, असं समजू नका, हेही त्यांनी बजावलं होतं. आकडे सगळ्यांनी उचलले, ताकीद मागे पडली.

नाव सारखं म्हणून जागा सारखी धरायची, तर महाराष्ट्रातली सगळी शिवाजीनगरं एकच ठरतील.

एक ठळक उदाहरण देतो. 1940 साली वॉकर यांनी मकाक माकडाच्या कपाळामागच्या कॉर्टेक्सचा नकाशा केला आणि बाहेरच्या-खालच्या अंगाच्या एका पट्ट्याला 12 हा आकडा दिला. माणसात त्याच सुमाराच्या जागेला ब्रॉडमन यांनी 47 म्हटलेलं होतं. माकडावर काम करणारे 12 बद्दल लिहीत राहिले आणि माणसांवर काम करणारे 47 बद्दल. पुढे मायकेल पेट्रिडेस आणि दीपक पांड्या यांनी दोन्हींतले पेशींचे थर ताडून पाहिले, माकडात त्या भागाच्या मेंदूतल्या इतर भागांशी असलेल्या जोडण्याही तपासल्या आणि '47/12' असं जोडनाव दिलं. ते नाव दिसायला बेढब आहे, पण मला फार आवडतं, कारण माकडातल्या कोणत्या भागाची माणसातल्या कोणत्या भागाशी जुळणी मानली आहे ते त्यात उघड लिहिलेलं आहे.

सगळीकडे असा घोळ नाही. माणसात कॉडेट आणि पुटामेन हे दोन भाग वेगळे दिसतात, कारण त्यांच्यामधून तंतूंचा जाड पट्टा जातो. उंदरात तो पट्टा विखुरलेला असतो, म्हणून दोन्ही मिळून एकच भाग दिसतो आणि त्याचं नावही एकत्रच आहे, कॉडोपुटामेन. याबद्दल वाद नाही.

आता भीतीच्या त्या बातमीकडे येतो. रॅटच्या मेंदूच्या पुढच्या बाजूला, दोन अर्धांच्या मधल्या भिंतीवर इन्फ्रालिंबिक नावाचा छोटा भाग आहे. रॅटला एक सूर ऐकवायचा आणि लगेच सौम्य झटका द्यायचा. काही वेळा असं केलं की नुसता सूर ऐकूनही तो जागच्या जागी थिजतो. मग झटका न देता सूर ऐकवत राहिलं की भीती विरते. 2002 साली मिलाद आणि क्वर्क यांनी दाखवलं की भीती विरल्याची आठवण ठेवण्यात इन्फ्रालिंबिकमधल्या पेशींचा हात असतो, आणि त्या भागाला विजेची चेतना दिली तर थिजणं कमी होतं. म्हणजे रॅटमध्ये हा भाग चालू झालेला बरा.

माणसात याच्या जोडीचा भाग कोणता? जोडण्या आणि जागा पाहून बहुतेकांनी एरिया 25 कडे बोट दाखवलं. इथे गाडी अडते. तीव्र नैराश्यात एरिया 25 फार सक्रिय असल्याचं दिसत होतं. 2005 साली हेलन मेबर्ग आणि टोरांटोच्या डॉक्टरांनी उपचारांना दाद न देणाऱ्या सहा रुग्णांच्या मेंदूत त्या भागाजवळ इलेक्ट्रोड बसवून सतत चेतना दिली. त्यांतल्या चौघांना टिकाऊ फरक पडला आणि त्या भागातली वाढलेली हालचालही उतरली. म्हणजे माणसात तो भाग शांत झालेला बरा, असं दिसत होतं.

2017 साली केंब्रिजच्या गटाने मार्मोसेट या छोट्या दक्षिण अमेरिकी माकडांवर भीतीचाच प्रयोग केला. एरिया 25 तात्पुरता बंद केला, तर भीती कमी झाली. शेजारचा एरिया 32 बंद केला, तर वाढली. रॅटमध्ये जे भाग यांच्या जोडीचे मानले जातात, त्यांचं वागणं नेमकं उलटं आहे. हा निबंध मी पहिल्यांदा वाचला तेव्हा कितीतरी वेळ त्यातल्या आकृत्याच बघत बसलो होतो. अॅटलसमधल्या एका समीकरणावर औषधांचे किती प्रयोग, किती माणसांच्या आशा उभ्या असतात! आणि ते समीकरण चुकीचं आहे, असंही सरळ म्हणता येत नाही. जोडण्या जुळतात, काम जुळत नाही. वटवाघळाचा पंख आणि आपला हात एकाच मुळाचे आहेत, तरी वटवाघूळ पंखाने उडतं आणि आपण हाताने लिहितो, तसंच इथेही असू शकतं.

याच्या उलट चूकही झालेली आहे, आणि ती पक्ष्यांच्या वाट्याला आली. 1900 च्या सुमारास जर्मनीत लुडविग एडिंगर यांनी पक्ष्यांच्या मेंदूचा पुढचा भाग पाहिला. त्यात आपल्यासारखे थर नव्हते, म्हणून बहुतेक सगळ्याच भागाला त्यांनी 'स्ट्रायटम' म्हटलं. निओस्ट्रायटम, आर्किस्ट्रायटम, हायपरस्ट्रायटम अशी ती नावं. स्ट्रायटम म्हणजे सवयीच्या आणि उपजत हालचालींचा भाग, असा तेव्हाचा समज. थोडक्यात, पक्षी विचार करत नाही हे त्याच्या मेंदूच्या नावांतच लिहून टाकलं गेलं. 1960 च्या दशकात हार्वी कार्टेन यांनी कबुतरांतल्या जोडण्या तपासल्या तेव्हा यातला बराचसा भाग स्ट्रायटम नाहीच, हे कळलं. नावं मात्र आणखी जवळजवळ चाळीस वर्षं तीच राहिली. शेवटी 2002 साली अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात या विषयातले लोक एकत्र बसले आणि 2004 साली नवी नावं छापून आली. निओस्ट्रायटमचं निडोपॅलियम झालं, आर्किस्ट्रायटमचं आर्कोपॅलियम. सस्तन प्राण्यांचा कॉर्टेक्स पॅलियम या भागातूनच घडतो. जुन्या निबंधांतली लघुरूपं वाया जाऊ नयेत म्हणून शक्य तिथे पहिलं अक्षर तेच राखलं. आणि पक्ष्यातला कोणता भाग आपल्या कॉर्टेक्सच्या नेमक्या कोणत्या भागाच्या जोडीचा, याचा पुरावा पुरेसा नव्हता म्हणून तो निर्णय त्यांनी घेतलाच नाही. हा संयम मला सगळ्यात मोलाचा वाटतो. आपल्या खिडकीत येऊन बसणारा कावळा मोठ्या मेंदूच्या माकडाच्या तोडीची कोडी कशी सोडवतो, हे आता निदान सरळ विचारता तरी येतं.

हल्ली आणखी एक आधार मिळाला आहे. थरांच्या दिसण्याबरोबर, कोणत्या पेशीत कोणती जनुकं चालू आहेत तेही मोजता येतं. सिअॅटलच्या अॅलन इन्स्टिट्यूटने 2023 अखेरीस माऊसच्या पूर्ण मेंदूतल्या पेशींची यादी प्रसिद्ध केली, त्यात पाच हजारांहून जास्त गट आहेत. माणसाच्याही अशा याद्या होत आहेत. आपल्याकडे आयआयटी मद्रासने 2024 साली गर्भातल्या मानवी मेंदूचा 'धरणी' हा अॅटलस खुला केला, 5,132 कापांचा. दोन प्राण्यांतले भाग ताडताना आता पेशींचा प्रकार, जोडण्या, गर्भातली घडण आणि काम असे चार साक्षीदार बोलावता येतात. चौघं एकाच सुरात बोलले तर नाव निर्धास्त वापरावं. 25 सारख्या ठिकाणी ते एका सुरात बोलत नाहीत.

म्हणून बातमी जर भूक, तहान, झोप, शरीराचं तापमान आणि हायपोथॅलॅमस यांच्याबद्दल असेल, तर भाग तुमच्याही डोक्यात आहे आणि काम बरंचसं तेच करतो. हिप्पोकॅम्पस आणि अमिग्डाला (भीतीशी संबंधित भाग) यांच्याबद्दल असेल तरीही बऱ्याच अंशी हो, फक्त उंदराचा हिप्पोकॅम्पस आपल्यापेक्षा वेगळा वळलेला आणि वेगळ्या जागी असतो, त्यामुळे 'वरचा भाग', 'खालचा भाग' हे जसंच्या तसं उचलू नका. कपाळामागच्या कॉर्टेक्सबद्दल असेल, तर आधी माकडावर काही पाहिलं आहे का ते शोधा. आणि घरातल्या माणसाच्या उपचाराशी त्याचा संबंध लावायचा असेल, तर डॉक्टरांशी बोलाच, शिवाय ती बातमी मलाही पाठवा. मूळ निबंधात कार्यपद्धतीच्या भागात, कोणत्या प्राण्यात आणि कोणत्या अॅटलसने तो भाग ठरवला हे लिहिलेलं असतं. ते मी वाचून सांगेन.