दुपारी चार वाजता नवीन वर्ष

रविवारी आईकडे गेले होते. जेवण झालं, आई आडवी झाली आणि मी बडीशेप शोधत बसले. आईकडे बडीशेप कुठे असेल याचा काही नेम नसतो, एकदा ती देवघराच्या खणात सापडली होती. सगळीकडे बघून झाल्यावर हॉलमधल्या त्या बुटक्या लाकडी कपाटाचं शटर ओढलं, ते खर्रर्र करून निम्म्यात अडकलं, आणि मी तिथेच फरशीवर बसले.

कपाट म्हणजे खरं तर ते टीव्हीचं खोकं आहे. तिरके चार पाय, दोन्हीकडून येऊन मध्ये मिळणारं पट्ट्यापट्ट्यांचं शटर, आणि एक कुलूप, ज्याची किल्ली मी तरी कधी पाहिली नाही. टीव्ही आमचा नव्हताच. वाड्यात वरच्या मजल्यावर काका-काकू राहायचे त्यांचा. वाडा पाडायचा ठरला तेव्हा त्यांनी आतला टीव्ही भंगारात दिला आणि खोकं आईला दिलं, तुम्हाला डबे ठेवायला होईल म्हणून. झालं खरंच. पापडाचे डबे, शेकायची रबरी पिशवी, दोन जुने दिवाळी अंक आणि हो, बडीशेप.

पण तो आवाज. संध्याकाळी काकांनी शटर ओढलं की तो आवाज खाली आमच्या स्वयंपाकघरापर्यंत यायचा आणि आम्ही जिन्याकडे धावायचो. आता सगळे म्हणतील गच्चीवर अँटेना फिरवायचा, खालून आलं आलं ओरडायचं, ते आठवतं का? ते आठवतं, पण ते सगळ्यांनी इतक्यांदा लिहून झालंय की मला आता अँटेनाचा कंटाळा आलाय. एवढंच सांगते की पुण्यात आम्हाला मुंबई दूरदर्शन सिंहगडावरून यायचं, त्यामुळे काका अँटेनाला "गडाकडे तोंड कर" असं म्हणायचे, देवाला नमस्कार करायला सांगावं तसं.

मला आठवत होती ती ३१ डिसेंबर. तो दूरदर्शनचा खास कार्यक्रम. एरवी सेलिब्रिटी म्हणजे काय, तर तबस्सुम फूल खिले हैं गुलशन गुलशनमध्ये कोणाला तरी बोलवायची आणि स्वतःच जास्त हसायची, गुरुवारी छायागीत, मराठीत आपला गजरा, होळीला हास्य कवी संमेलन आणि त्यात शैल चतुर्वेदींसारखे ऐसपैस कवी. शब्द अर्धे कळायचे नाहीत पण सगळे हसतात म्हणून आम्हीपण हसायचो. पण ३१ डिसेंबरला हे सगळे एकत्र. गाणारे, नाचणारे, नकला करणारे, सिनेमातले, नाटकातले, जेवणाच्या ताटात एकदम श्रीखंड पण आणि जिलबी पण. आणि ते परत लागणार नाही. आज पाहिलं तर पाहिलं. हे आता माझ्या मुलीला समजावून सांगता येत नाही, म्हणजे सांगितलं तर ती "मग रेकॉर्ड करायचं ना" म्हणते.

सिनेमातली माणसं तिथे सिनेमातल्यासारखी नसायची, हे मला फार आवडायचं. संवाद लिहून द्यायला कोणी नाही, हातात वायरवाला माईक, तो कुठे धरायचा ते कळत नाही, समोर कॅमेरा कुठला चालू आहे तेही कळत नाही, मग मोठा हीरो भलतीकडेच बघून देशवासीयांना शुभेच्छा देतोय. अगदी आमच्या शाळेच्या गॅदरिंगसारखं. आता अवॉर्डवाले कार्यक्रम लागतात त्यात कोणी अडखळतच नाही. अडखळले तर तेसुद्धा लिहून दिलेलं असतं. मी ते बघते तेव्हा स्टेजकडे बघतच नाही, दुसऱ्या-तिसऱ्या रांगेतली माणसं बघत बसते, कोण जांभई देतंय, कोणाला मागून कोण काय कानात सांगतंय. नवरा म्हणतो तुला भलतीच खोड आहे. आहे. आणि ती मला कुठून लागली ते परवा त्या अडकलेल्या शटरसमोर बसल्यावर लक्षात आलं.

वरच्या काकूंचा एक भाऊ मुंबईत होता. परळला राहायचे, गिरणीत कामाला. आम्ही सगळी पोरं त्यांना मामाच म्हणायचो, कारण काकूंना मूलबाळ नव्हतं आणि मामा आले की खाऊ सगळ्या वाड्याला असायचा. तर एका डिसेंबरात मामांचं पोस्टकार्ड आलं. खुशाली वगैरे, आणि शेवटी, ३१ तारखेचा टीव्ही बघावा, मी आहे, तिसरी रांग, डावीकडे. बास. एवढंच. काकूंनी ते कार्ड जिन्यात उभं राहून मोठ्यांदा वाचलं आणि मग ते सबंध वाड्यात फिरलं, आमच्याकडे तर ते दोन दिवस मुक्कामाला होतं.

साल कुठलं यावर आमच्यात एकमत नाही. दादाला तिथूनच फोन लावला, तो म्हणाला ८५. आई झोपेतूनच म्हणाली ८३. कार्यक्रमात कोण होतं यावरही नाही. माझ्या डोळ्यासमोर उषा उथुप आहे, कांजीवरम, मोठ्ठी टिकली, केसात गजरा, आणि त्या साडीतून तो आवाज. दादा म्हणतो हट, शेरॉन प्रभाकर होती. आम्ही दोघंही कदाचित वेगवेगळ्या वर्षांचं एकत्र कालवतोय, आणि खरं सांगायचं तर माझा भरवसा कमीच, कारण मी बहुतेक दर वर्षी दहा-साडेदहाला सतरंजीवरच झोपून जायचे आणि दुसऱ्या दिवशी शाळेत मैत्रिणी सांगतील ते ऐकून "हो ना, मीपण पाहिलं" असं ठोकून द्यायचे. अशी कितीतरी गाणी मी न बघता पाहिली आहेत. आता तीच सगळ्यात स्पष्ट आठवतात, काय करणार.

त्या वर्षी मात्र जागी होते. काकूंनी मसाला दूध केलं होतं. जागरण म्हटल्यावर त्यांना कोजागरीच माहीत, त्यामुळे ३१ डिसेंबरलाही मसाला दूध, वर चारोळ्या. साडेसातच्या बातम्या झाल्या तेव्हापासून माणसं जमायला लागली. पुढे पोरं, कॉटवर बायका, दारात पुरुषमंडळी, त्यांना बसा म्हटलं तरी "नाही नाही, निघायचंच आहे" म्हणत बारापर्यंत उभी. कोपऱ्यातल्या आजींनी तर नऊवारीवर शाल घेतली होती नवीन, जणू मामाही त्यांना बघणार होते.

आणि मग वाद सुरू झाला, की डावीकडे म्हणजे कोणाची डावी? मामांची का आपली? काका म्हणाले, साधी गोष्ट आहे, तो बसलाय तिथून डावी, म्हणजे आपली उजवी. माझे बाबा म्हणाले, अहो तो आपल्यासाठी लिहितोय, म्हणजे आपलीच डावी. यावर एवढी चर्चा झाली की मध्ये एक अख्खं गाणं होऊन गेलं, ते कोणाचं हे कोणालाच माहीत नाही. मग असं ठरलं की अर्ध्यांनी डावीकडे बघायचं, अर्ध्यांनी उजवीकडे. मी उजवीवाल्यांत होते. स्टेजवर कोण नाचतंय, कोण गातंय, काही नाही, आमचं लक्ष कॅमेरा कधी प्रेक्षकांकडे वळतो त्यावर. वळला की सगळे पुढे सरकायचे. सगळी माणसं काळी-पांढरी, सगळ्यांना मिश्या, सगळे टाळ्या वाजवतायत.

दिसले. म्हणजे दिसले असं काकू म्हणाल्या. "अगंबाई, तो बघ, तो बघ!" एवढं होईपर्यंत कॅमेरा परत स्टेजवर. एक कान, थोडा भांग, आणि टाळ्या वाजवणारे दोन हात. आपल्या डावीकडे. बाबा जिंकले. दादा आजही म्हणतो ते मामा नव्हतेच, पण काकूंनी डोळे पुसले होते आणि सगळ्यांना परत दूध दिलं होतं, त्यामुळे ते मामाच होते. बारा वाजले तेव्हा टीव्हीतल्या सगळ्यांनी हॅप्पी न्यू इयर केलं, फुगे सोडले, आणि आम्हीपण ओरडलो, आणि मला इतकं भारी वाटलं की मामा तिकडे आत्ता ओरडतायत आणि आपण इकडे आत्ता ओरडतोय.

संक्रांतीला मामा आले. आम्ही त्यांना घेरलंच. जवळून कशा दिसतात त्या नट्या? पावडर फार लावतात, मामा म्हणाले. आणखी काय? दिवे फार तापतात. हीरो बोलला तुमच्याशी? सरका म्हणाला, वायर होती पायात. आणि बारा वाजता तुम्ही नाचलात? मामा हसले. म्हणाले, कसले बारा, ते दुपारी चार वाजता घेतलं. डिसेंबरच्या सुरुवातीला. एक माणूस आला, म्हणाला, आता मी हात वर केला की सगळ्यांनी हॅप्पी न्यू इयर ओरडायचं. नीट नाही आलं म्हणून तीनदा ओरडायला लावलं.

मला काय वाटलं ते सांगता येत नाही. राग आला. म्हणजे ते नवीन वर्ष शिळं होतं. आपण मध्यरात्री ओरडत होतो तेव्हा मामा परळला झोपलेले असणार. मी त्यांच्याशी त्या दिवशी बोलले नाही, तिळगूळ घेतला पण गोड बोलले नाही. पुढे बरीच वर्षं कुठलाही कार्यक्रम बघताना माझ्या डोक्यात तेच, हे खरं कधी घेतलंय? दिवाळीचं गणपतीत घेतलंय का? १९८८च्या १५ ऑगस्टला मिले सुर मेरा तुम्हारा आलं, त्यात पंडित भीमसेन जोशींपासून नरेंद्र हिरवाणीपर्यंत सगळा देश ओळीने उभा, दादा एकेकाला ओळखून दाखवत होता (हिरवाणीने त्याच वर्षी पहिल्याच कसोटीत १६ विकेट काढल्या होत्या, तो दादाचा देव), बाबा म्हणाले भीमसेन झाले की बंद करा, आणि मी आपली बघत होते की कोणाच्या अंगावर ऊन कुठून पडलंय, म्हणजे किती वाजता घेतलं असेल.

मग ९२ साली २ ऑक्टोबरला झी आलं, मुंबई दूरदर्शनही २ ऑक्टोबरचंच, १९७२चं, म्हणजे बरोबर विसाव्या वाढदिवसाला सवत आली. नंतर तर काय, रोजच ३१ डिसेंबर. वाट बघायचं कामच उरलं नाही. मध्यंतरी मी तो कार्यक्रम यूट्यूबवर शोधला, ८३, ८४, ८५, सगळं टाकून बघितलं. तुकडे आहेत, पण तिसऱ्या रांगेवर कॅमेरा फिरतो तो नाही. तेव्हा टेप महाग असायच्या, एकीवरचं पुसून दुसरं घ्यायचे. मामांच्या टाळ्यांवरून कुठलातरी शेतीचा कार्यक्रम गेला असेल.

एवढ्यात आई उठली. चहा ठेवला. मी तिला म्हटलं, आई, ते मामा आठवतात का, ते दुपारी चारवाले. मला अजून राग आहे त्यांच्यावर.

"अगं, संप नव्हता का तेव्हा," आई आलं किसता किसता म्हणाली. "गिरण्या बंद. त्याला दुपारी चारला कोण विचारत होतं. रिकामाच होता तो. परळहून वरळीला चालत जायचा. तिथे आत बसवतात म्हणून कळलं कोणाकडून तरी, आणि चहा-वडापाव देतात म्हणून. एक खाल्ला आणि एक खिशात घालून घरी नेला म्हणाला, पोरीला. शर्टपण शेजाऱ्याचा होता, चांगले कपडे घालून या म्हणाले होते ना."

मी हिशेब केला. गिरण्यांचा संप १९८२च्या १८ जानेवारीला सुरू झाला. म्हणजे आईचं ८३ बरोबर. दोन वर्षं होत आली होती पगार बंद होऊन. अडीच लाख माणसं घरी बसली होती हे मी वाचलंय, अनेकदा वाचलंय, त्यातला एक मसाला दूध पिणाऱ्या सबंध वाड्याने टीव्हीत शोधला होता हे काही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आणि संक्रांतीला खाऊही आणला होता त्यांनी, मला चांगलं आठवतंय, हलवा होता, कागदाच्या पुडीत, सगळ्या पोरांना.

"पुढे काय झालं त्यांचं?"

"गणपतीला चिपळूणला गेला गावी, तो तिकडेच राहिला." आईने चहा गाळला. "बडीशेप मिळाली का?"

मिळाली म्हटलं. शटर मात्र अडकलंय.

"मेण लावायला पाहिजे त्याला," आई म्हणाली. "काका दर दिवाळीत लावायचे."