फॉर्ममध्ये माशाचा रकानाच नव्हता

कोकणकन्येनं सकाळी कुडाळला उतरलो तेव्हा माझ्या सॅकमध्ये कपड्यांपेक्षा कागद जास्त होते. मालवणला येणारा पाहुणा काय करतो, किती थांबतो, कुठे खर्च करतो आणि त्यातलं गावात किती उरतं, हे विचारणारे दोन पानी फॉर्म. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. सिंधुदुर्ग हा १९९७ साली जाहीर झालेला देशातला पहिला पर्यटन जिल्हा, हे वाक्य वर्गात इतक्यांदा म्हणून झालं होतं की एकदा जाऊन बघावं असं वाटलं. डिसेंबर होता, थंडी नावालाच.

एसटीनं मालवण गाठलं आणि थेट जेटीवर उभा राहिलो. दर पाचव्या माणसाला थांबवायचं हा नियम. तो मोडला आणि हसऱ्या चेहऱ्यांनाच गाठलं, की उत्तरंही हसरीच मिळतात. पण पहिला अर्धा दिवस वायाच गेला, कारण मी समुद्रातल्या सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्यांना विचारत बसलो होतो. ज्यानं अजून पाकीटच उघडलेलं नाही तो खर्च काय सांगणार? मग परतणाऱ्यांकडे वळलो. ते भुकेलेले. होडीवाला किल्ल्यावर तासभर देतो आणि त्याच होडीनं परत आणतो. म्हणजे १६६४ ते १६६७ अशी तीन वर्षं खपून बांधलेला जलदुर्ग साठ मिनिटांत बघायचा. दूधबाव, दहीबाव, साखरबाव, शिवराजेश्वराचं मंदिर, दोन सेल्फी, की होडीवाल्याची हाक. या एका तासामुळे किल्ल्यातल्या सरबतवाल्या बाईंकडे बसून पिणारे कमी आणि ग्लास हातात घेऊन पळणारे जास्त.

एका जोडप्याचा फॉर्म मी जपून ठेवलाय. नवरा म्हणाला, ‘‘खर्च? असेल पाचेक हजार.’’ मी आकडा लिहिला. बायको शांतपणे म्हणाली, ‘‘आणि काजू?’’ मी खोडलं. ‘‘कोकम आगळाच्या बाटल्या. तुझ्या आईचा मालवणी मसाला. पिंट्याची टोपी, तो बोटीत ओरडला म्हणून. गाडीचं पार्किंग. खाजं.’’ दर शब्दाला मी खोडत होतो आणि नवरा समुद्राकडे बघत होता. शेवटी आकडा दुपटीच्या पुढे गेला. तेव्हापासून मी ठरवलं, खर्चाचा प्रश्न कुटुंबात ज्याच्या हातात पिशवी आहे त्यालाच विचारायचा.

त्यातल्या खाज्याचा माग काढायचा म्हणून बाजारात गेलो. बेसनाच्या कांड्या, वर आलं घातलेल्या गुळाचा पाक. दुकानदार म्हणाले, गूळ कोल्हापूरचा, डाळ घाटावरची, तळणारे हात मात्र इथले. अर्थशास्त्रात याला गळती म्हणतात: पाहुण्यानं दिलेल्या रुपयातला जो भाग माल आणण्यात जिल्ह्याबाहेर जातो तो. खाज्यात निदान मजुरी तरी इथे राहते. पाण्याच्या बाटलीत तेवढीही राहत नाही.

मुक्काम देवबागला, न्याहारी-निवासात. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधे चिंचोळी पट्टी आणि माड. घरमालकीण काकींनी रात्री वाढता वाढता माझा फॉर्म उलटसुलट करून बघितला.

‘‘सर, ह्यात मासो खय आसा?’’

म्हटलं, जेवणाचा खर्च विचारलाय ना.

‘‘जेवण न्हय. मासो. पावणो येता तो सुरमय मागता, नायतर पापलेट. बांगडो दिलो तर तोंड वाकडा करता. आता रापणीक सुरमय गावली नाय, तर मी ती बाजारातसून घेतंय. बर्फातली, भायरसून इलली. पैसो माझ्या हातात येता आणि बर्फाच्या पेटयेवांगडा जाता.’’

मार्गशीर्षातल्या गुरुवारी तर तेही नाही. बुकिंग करतानाच लोक उपवासाचे वार विचारतात, आणि त्या दिवशी काकींच्या फ्रीजमधून घाट उतरून आलेलं पनीर बाहेर निघतं. समुद्रापासून पन्नास पावलांवर पनीर! मी हसलो, काकी हसल्या नाहीत.

सकाळी किनाऱ्यावर रापण लागली होती. होडीनं अर्धगोलात जाळं टाकून दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणलेले, आणि दोन्ही दोरांवर माणसं रांगेनं ओढत, मागे मागे सरकत. शेवटचा माणूस दोर सोडून पुढे पाण्यापाशी येतो आणि पुन्हा धरतो. तळहात कसे असतात ते तेव्हा कळतं; मी दहा मिनिटं ओढलं आणि दोन दिवस पेन नीट धरता येईना. काही पाहुणेही दोराला लागले, व्हिडिओपुरते. जाळं आलं तेव्हा आत तारली, बांगडे, चार खेकडे आणि ओढणाऱ्यांच्या शिव्या खाणारं जेलीफिश. वाटे पडले. पाटीवाल्या बायका पुढे सरसावल्या. एका पाहुण्यानं डोकावून विचारलं, ‘‘यात सुरमई आहे का?’’ नाही म्हटल्यावर मंडळी नाश्त्याला गेली. घावणे-चटणी.

खरं तर त्यांचा तरी काय दोष? किनाऱ्यावर जिथे बघाल तिथे फळ्यावर सुरमई, पापलेट, कोळंबी. काकींच्या फाटकावरची पाटीही तीच आहे. मी ते बोलून दाखवलं तर म्हणाल्या, ‘‘तारली लिवलंय तर गाडी थांबतली काय?’’ उत्तर नव्हतं. पावसाळ्यात यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, किल्ल्याच्या होड्याही बंद, खोल्या रिकाम्या. जे मिळवायचं ते या मधल्या महिन्यांत. प्रयोग करायला वेळ कोणाला आहे?

त्या रात्री त्यांनी मला तारलीचं तिखलं वाढलं. त्रिफळ घालून, दाटसर. मी तीनदा भात घेतला. बिल लावताना त्या माशाचे पैसे लावायला त्यांना संकोच वाटत होता, ‘‘ता काय, घरचा.’’ मी भांडून दिले.

शेवटच्या दिवशी जेटीवर उरलेल्या फॉर्मांच्या तळाशी पेनानं एक प्रश्न लिहिला: इथे कोणकोणते मासे खाल्लेत? पहिलाच माणूस पुण्याचा, उन्हानं लाल झालेला. बराच वेळ विचार केला त्यानं. मग बायकोकडे बघितलं.

‘‘लिहा,’’ तो म्हणाला, ‘‘फ्राय.’’